सुबेदारांच्या नगरातला धूर

आमचे दाजी, लालासाहेब सुबेदार, लढाईवरून परतले ते डोक्यात सरळ रेघ घेऊनच. इटलीत काय केलं, गोळ्या कशा चुकवल्या, याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. बोलायचे ते फक्त छावणीबद्दल. तिथं घरं रांगेत असतात, रस्ते सरळ असतात आणि कुणाच्या न्हाणीचं पाणी कुणाच्या उंबऱ्यात येत नाही. आमच्या कुंडलजवळच्या गावात सगळ्यांचं पाणी सगळ्यांच्या उंबऱ्यात यायचं आणि त्यावरून भांडण्यात लोकांचा वेळ मजेत जायचा. हे सुख दाजींना कधी कळलंच नाही.

सेहेचाळीस सालची दिवाळी झाली आणि त्यांनी आपल्या माळावर नगर आखायला घेतलं. पांढऱ्या फक्कीने प्लॉट पाडले, दोन बैलगाड्या एकमेकींच्या शेजारून जातील एवढा रस्ता ठेवला, प्रत्येक घरापुढं बागेला जागा सोडली. सगळ्यात पुढं स्वतःचं कौलारू घर बांधून 'आदर्शनगर' अशी पाटी ठोकली. गावाने पाटी वाचली आणि नगराला 'रांग' म्हणायला सुरुवात केली.

दाजींची बायको म्हणजे माझी थोरली बहीण, मनुआक्का. ती घर बघायला आली, सगळ्या खिडक्या उघडून बाहेर डोकावली. प्रत्येक खिडकीतून माळच दिसत होता.

"घर झ्याक हाय," ती दाजींना म्हणाली. "पर शेजारच्या चुलीचा धूर दिसंल त्या दिवशी मी ऱ्हायला येनार. तवर न्हाई."

एवढं बोलून ती गावातल्या जुन्या घरी निघून गेली. दाजींनीही तिथंच परतावं की नाही? पण सुबेदार माघार घेत नसतो म्हणे. ते माळावर एकटेच राहिले आणि हाताने भाकरी थापू लागले. ती एका अंगाने कच्ची आणि दुसऱ्या अंगाने कोळसा असायची. मी एकदा खाल्ली आणि मग जेवणाच्या वेळेला तिकडं फिरकणं सोडून दिलं.

शेजार हवा म्हणून दाजी गावोगाव प्लॉट विकत हिंडले. कडेगावच्या बाजारात मिरचीवालीच्या शेजारी उभे राहून ते मोकळी हवा, उजेड आणि सरळ रस्ता यांचं एवढं कौतुक करायचे की मिरचीवालीसुद्धा आपलं गिऱ्हाईक सोडून ऐकत बसायची. माणसं माळ बघायला येऊ लागली. पण हवेकडं कुणी बघेना. आमच्या गावचा गुंडा नावाचा शेतकरी तर आला तोच खाली बसला, ढेकूळ हातावर चुरून वास घेतला आणि विहिरीला पाणी किती दिवस टिकतं ते विचारलं. दाजी खिडक्यांबद्दल सांगत होते, तो मान हलवत होता. बघता बघता सगळे प्लॉट गेले. दाजींनी मला कडकडून मिठी मारली. घर बांधणारा माणूस माती कशाला हुंगेल, हे मला तेव्हाच खटकलं होतं, पण मेहुण्याचं ऐकतो कोण?

मग दाजी पाया खणणाऱ्यांची वाट बघत बसले. माघ सरत आला आणि एका सकाळी बाहेर गलका ऐकू आला. दाजी टोपी घालून धावले, तर सगळ्या नगरात मेंढरं. शेतात खत पडावं म्हणून आमच्याकडं धनगरांना बोलावून मेंढरं बसवतात आणि त्यांना धान्य देतात. प्लॉटवाल्यांनी मिळून आटपाडीकडच्या तात्याबाला बोलावलं होतं. जमीन घेतली की आधी तिला खत, हे आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही.

दाजींनी गुंडाला गाठलं आणि घर कुठाय म्हणून विचारलं.

"आवं सुबेदार, आदी रान तर धरू द्या," गुंडा म्हणाला. "घर काय, कवाबी हुतंय."

आता फौजी माणसाने करावं काय? त्यांनी मेंढरांनाच शिस्त लावायला घेतली. या प्लॉटचं मेंढरू त्या प्लॉटात जाता कामा नये आणि रस्त्यावर कुणीही बसता कामा नये, असा हुकूम त्यांनी तात्याबाला दिला. तात्याबा भला माणूस, तो "व्हय जी" म्हणाला. मेंढरं काही बोलली नाहीत. दुपारपर्यंत फक्की खुरांना लागून गेली आणि नगर पुसलं गेलं. दाजी पायरीवर बसले. लढाईवरून आले तेव्हाही त्यांचा चेहरा एवढा पडलेला नव्हता, मला त्यांची खरंच दया आली.

तेवढ्यात तात्याबाच्या बायकोने, हरणाबाईने, दाजींच्या दारासमोर तीन दगड मांडून चूल पेटवली. धूर वर चढला तो गावातून दिसला. दिवस कलायच्या आत मनुआक्का डोक्यावर बोचकं घेऊन माळावर हजर. शब्द म्हणजे शब्द. शेजारणीच्या चुलीला भिंत पाहिजे असं ती कुठं म्हणाली होती? घरात शिरायच्या आधी तिने हरणाबाईकडून चिमूटभर मीठ मागून घेतलं.

पुढचे दिवस बरे गेले. दोघींच्या गप्पा सरळ रस्ता ओलांडून चालायच्या आणि दाजींना दोन्ही अंगांनी भाजलेली भाकरी मिळायची. पण पावसाळा जवळ आला तसे धनगर आटपाडीकडं निघाले. दाजींनी हरणाबाईला स्वतःची परसबाग देऊ केली. घर बांधून द्यायलाही तयार झाले. घर केलं तर मेंढरं त्याच्यामागं थांबतील का, असं तिनं विचारलं.

निघायच्या दिवशी मी तिथंच होतो. तात्याबाने घोड्यावर तंबूचं पाल लादलं. शेवटची चूल विझली, आणि मनुआक्का हातात गाठोडं घेऊन घराबाहेर आली. दाजी फाटकात आडवे झाले.

"अगं, जाऊ नगंस," ते म्हणाले. "मला एकट्याला करमत न्हाई. लढाईतबी नव्हतं करमत. ह्या खिडक्या, रस्ता, समदं तुझ्यासाठीच केलं, पर तुला सांगायचंच ऱ्हायलं."

आक्काने त्यांचं सगळं बोलून होऊ दिलं, मग पदराने डोळे पुसले.

"बाजारात समद्यांना हवा आन् उजेड सांगत हिंडलात," ती म्हणाली. "मला येवढं सांगितलं असतं तर धुराबिगर आले असते."

मग तिने गाठोडं त्यांच्या हातात दिलं.

"ह्या भाकऱ्या हायत. हरणाबाईला वाटंला द्या जावा, तिला लांब जायाचं हाय."

दाजी गाठोडं घेऊन मेंढरांमागं धावत सुटले. रस्ता सरळ होता, त्यामुळं ते बराच वेळ दिसत राहिले.