जिताड्यांचा पंखा

सकाळीच यशोदा माझ्यावर तापली. "पंखा डोल्यांसमोर फिरतंय, न तुमी मोबाईल बघून रडताव?"

बायकोचं ऐकलं असतं तर मी देवजी कसला? जासईला खाडीलगत आमचं जिताड्यांचं तळं आहे. दोन वर्षं लेकरांसारखे पोसलेले मासे. वारा पडून आभाळ दाटलं की पाण्यातली हवा कमी पडते, म्हणून पाणी घुसळायला विजेचा पंखा लावलाय. तो थांबला तर मासे गेले, आणि माशांमागं आम्ही.

म्हणून माझी पुतणी भाविका, रबाळ्याला कारखान्यात असते, तिनं काल पंख्याच्या एका वायरीला नखाएवढा सेन्सर अडकवला. वायरीतून वीज वाहिली की भोवती चुंबकाचा जोर तयार होतो, तो म्हणे याला कळतो. पंखा थांबला की मोबाईल बोंबलणार. ती गेल्यावर मी निरखलं, तर शेजारची वायर बिचारी बाहेरच. आमच्यात पूजेला कोणी एकटं बसत नाही. मी दोन्ही वायरी जोडीनं आत बसवल्या आणि वर हळदकुंकू लावलं. तेव्हापासून मोबाईलचं एकच, पंखा बंद.

"पोरगी शिकलेली हाय, तिचं यंत्र खोटं बोलंल का?" असं म्हणून मी चालता पंखा थांबवला आणि मोटार खोलली. खोलता येते मला. बसवता येत नाही, हे खोलल्यावर कळलं.

दुपारी पान हलेना. जिताडे तोंडं वर काढून आ-आ करायला लागले. लुंगीसकट तळ्यात उतरलो आणि हातांनी पाणी बडवायला लागलो. यशोदा उतरली, शेजारचा सिताराम उतरला.

फोन केल्यावर भाविका आली. वायरी बघून तिनं कपाळाला हात लावला. "काका, एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. दोघी एकत्र धरल्या की एकमेकींचा जोर मारतात. सेन्सरला काय कळनार?"

"मंजे जोडीनं बसवल्या तीच चूक?"

"आमचं तरी काय येगलं हाय?" यशोदा पाणी बडवत म्हणाली.

मोटार बसवायला उरणहून निघालेला मिस्त्री रस्त्यात कंटेनरच्या रांगेत अडकला होता. हात भरून आले तसा मी काठाकडं सरकलो.

"कुटं चाललाव?" यशोदानं लुंगी धरली. "मिस्त्री येईपावतर पंखा तुमीच."

अंधार पडून मिस्त्री येईस्तोवर पाणी घुसळलं. एकही जिताडा मेला नाही. गावात आता मला पंखाशेठ म्हणतात, आणि मी ओ देतो.