मण कोण्या गावचा?

तातेरावाला सगळं येत होतं, फक्त हातानं बेरीज करायची लाज वाटत होती.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता. कॉम्प्युटरची भाषा येणारे जालन्यात किती होते कुणास ठाऊक, पण वडीगोद्रीच्या वस्तीत एकच होता, आणि तो हे कुणाला विसरू देत नव्हता. बी. एस्सी. झाल्यावर तातेराव हैदराबादला सहा महिने राहून फोर्ट्रान शिकून आला आणि जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत चिकटला. तेव्हापासून गड्याची मान अशी ताठ, की एस. टी.त बसला तरी खिडकीनंही त्याच्याशी आदबीनं बोलावं. बुटाच्या खोक्यात भोकं पाडलेली कार्डं, खोकं मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, मिठाई हाये का? हा म्हणाला, "न्हाई, प्रोग्राम हाये." कंडक्टरनं दोन तिकिटं फाडायची तेवढी बाकी ठेवली.

काम तसं साधं होतं. कंपनी संकरित कपाशीचं बी करायची. म्हणजे दुपारी मादी फुलातले पुंकेसर नखानं काढायचे, फुलावर लाल कागदाची टोपी घालायची, दुसऱ्या दिवशी सकाळी नर फूल त्यावर फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. एक दोरा म्हणजे एक फूल. हे सगळं बायका करायच्या, चार महिने, पाऊस असो की ऊन. रोज किती दोरे बांधले आणि किती फुलं गळाली, हे दोन आकडे प्रत्येक रानातून कंपनीच्या वहीत यायचे. वहीतून ते तातेरावाच्या कार्डांवर जायचे. मग यंत्र एकातून दुसरं वजा करून बेरीज करायचं आणि रानांची यादी छापायचं. यादीत जे तीन शेवटी, त्यांना पुढच्या साली नर-मादीचं बी मिळणार नाही, असा कंपनीचा कायदा होता.

पहिल्या साली तातेराव कार्डं घेऊन मुंबईला गेला होता, एका मोठ्या यंत्रापाशी. सगळं बिनबोभाट पार पडलं. यंदा औरंगाबादच्या एका संस्थेत धाकटं यंत्र आलं. जवळ पडतं म्हणून तातेराव यंदाच्या आकड्यांची कार्डं आणि तोच प्रोग्राम घेऊन तिकडं गेला. तिथल्या माणसानं हातात जाडजूड पुस्तक दिलं आणि म्हणाला, आमच्या यंत्राचं वाचून घ्या एकदा. तातेराव हसला. फोर्ट्रान ती फोर्ट्रान, तिला काय मुंबई आणि काय औरंगाबाद! पुस्तक खोलीवर आणलं आणि उशाला घेतलं. चांगलं उंच होतं.

यादी छापून आली. पहिला कडूबा, वाटूरचा, एकतीस हजार नऊशे. मग बाकीचे. आणि सगळ्यात तळाला वडीगोद्रीच्या कौसल्याबाईचं वीस गुंठे रान: वजा बत्तीस हजार चारशे सोळा.

कौसल्याबाई म्हणजे तातेरावाची सख्खी मावशी. आई गेल्यावर तिनंच त्याला सातवीपासून मॅट्रिकपर्यंत सांभाळलेला.

आता शहाण्या माणसानं काय करावं? वही उघडावी, शंभर-सव्वाशे दिवसांचे आकडे बेरजेला घ्यावेत, अर्ध्या तासाचं काम. पण यंत्र असताना हातानं बेरीज! छे! तातेरावानं त्याऐवजी डोकं चालवलं. वजा आकडा म्हणजे केलेल्या फुलांपेक्षा गळालेली फुलं जास्त, असा त्यानं अर्थ लावला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाला. केलेल्यापेक्षा जास्त फुलं गळणार कुठून, हा प्रश्न बालवाडीतल्या पोरानं विचारला असता. पण त्या पोराला फोर्ट्रान येत नव्हती.

मावशीला मात्र आपणच जाऊन सांगावं, परक्याच्या तोंडून कळू नये, एवढी माया त्याच्यात होती. शनिवारी दुपारी तो वडीगोद्रीला उतरला.

मावशी दारात बसून दोऱ्यांच्या गड्ड्या सोडवत होती. "जय भीम, मावशी." "जय भीम, ये बाबा. भाकर खाल्ली का?" चहा झाला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं न बघता तातेरावानं घसा साफ केला आणि बातमी सांगितली. यंदा तिचं रान यादीत शेवटी आलं आहे. पुढच्या साली बी मिळायचं नाही. यंत्राचा आकडा आहे, त्यात कुणाचं काही चालत नाही.

मावशीच्या हातातली गड्डी तशीच राहिली. त्या वीस गुंठ्यांवर वस्तीतल्या नऊ बायका चार महिने काम करत होत्या. दुसऱ्याच्या बांधावर न जाता स्वतःच्या वस्तीच्या रानात काम करायचं, हे सुख त्यांना दोनच वर्षांपूर्वी लागलं होतं.

"शेवटी?" ती म्हणाली. "किती भरली माझी फुलं?"

"वजा बत्तीस हजार चारशे सोळा."

"वजा?" मावशी त्याच्याकडं बघतच राह्यली. "वजा फुलं कशी असत्यात रे? मी काय फुलं झाडाला परत चिकटवून राह्यले का?"

"मावशी, तुला न्हाई समजायचं. ते गणित हाये."

"बराबर. मला काय समजतंय," असं म्हणून ती आत गेली आणि एक गाडगं घेऊन आली. त्यात चिंचोके होते. गळालेली फुलं सोडून टिकलेली हजार झाली, की एक चिंचोका टाकायचा, हा तिचा रिवाज. रास मोजणारा जसा मणामणाला मूठभर धान्य बाजूला ठेवतो, तसा. तिनं ते जमिनीवर ओतले. "मोज."

तातेरावानं कपाळाला आठ्या घालून मोजायला सुरुवात केली. "एक, दोन..."

"लाभ म्हन! राशीला एक म्हंत्यात का? शिकून शिकून एवढं पन इसरला?"

"लाभ, दोन, तीन..." तेहतीस भरले. वरचे एकशेवीस तिनं तोंडानं सांगितले.

"आता असं कर," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि जिभेवर मिरची होती. "माझी तेहतीस हजार एकशेवीस. तुझी वजा बत्तीस हजार काय ते. मधी किती फुलं चोरीला गेली तेवढं काढून दे. म्हंजे चौकीत रपट द्यायला बरं."

आता हे चॅलेंजच झालं. तातेरावानं ऐटीत पेन काढलं, यादीच्या पाठीवर दोन आकडे एकाखाली एक लिहिले. जन्मात पहिल्यांदा त्यानं या यादीसाठी हातानं बेरीज केली. उत्तर आलं पासष्ट हजार पाचशे छत्तीस.

तातेरावाचा चेहरा पांढराफटक पडला.

हैदराबादला त्यानं दोनाचा पाढा घोकला होता: दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, प्रत्येक वेळी दुप्पट. त्या पाढ्याच्या सोळाव्या पायरीवर बरोबर हाच आकडा येतो. एकानं कमी नाही, एकानं जास्त नाही. कपाशीची फुलं असल्या नेमक्या आकड्यानं गळत नाहीत.

"आई गं," तो म्हणाला.

"काय झालं? रंग का उडाला?"

"मावशी, मी गाढव हाये."

"ते मंग पाहू. आधी काय झालं ते सांग."

मग तातेरावानं सांगितलं. यंत्राला आपली भाषा कळत नाही, म्हणून मधी एक दुभाषी असतो, त्याला कंपायलर म्हणतात. आपण कार्डावर लिहितो, हा पूर्णांक आहे, याला जागा दे. किती जागा द्यायची ते कंपायलर आपल्या यंत्राचा वकूब पाहून ठरवतो. मुंबईचं यंत्र मोठं. तिथला दुभाषी एका पूर्णांकाला बत्तीस घरं देतो, त्यात दोनशे कोटींपर्यंत आकडा बसतो. औरंगाबादचं धाकटं. तो देतो सोळा घरं. त्यातलं एक घर अधिक की वजा या खुणेला जातं. उरतात पंधरा. बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत आकडा नीट बसतो. त्याच्यापुढं एक जरी फूल आलं, की आकडा उतू जाऊन खुणेच्या घरात शिरतो, आणि सगळं वजा दिसायला लागतं. यंत्र ओरडत नाही, थांबत नाही. गुमान छापतं.

"बाकी सगळ्यांची त्याच्या आत होती," तातेराव हळू आवाजात म्हणाला. "तुझी एकटीची वर गेली. तू पहिली आल्ती मावशी, म्हणून शेवटी गेली."

मावशीनं जरा विचार केला.

"म्हंजे मणासारखंच की," ती म्हणाली. "आपला मण सोळा पायल्यांचा. तुझ्या बहिणीला, बेबीनंदाला दिली त्या गावात बाराचा. नाव मणच. म्हून तर कुनी बी मण म्हनला की आपन आधी इचारतो, कोन्या गावचा मण? येड्याला बी म्हाईत हाये ते. त्वा इचारलं न्हाई मशीनला?"

"न्हाई."

"कुठं लिव्हलेलं नव्हतं?"

"लिव्हलेलं व्हतं. पुस्तक व्हतं."

"मंग?"

"उशाला घेतलं."

मावशी हसली. बराच वेळ हसली, पदर तोंडाला लावून. तातेरावालाही हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं ठसका लागला. मावशीनं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. तेव्हा त्याला तिचा हात दिसला. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, बोटं कपाशीच्या चिकानं काळी पडलेली. तासाभरापूर्वी याच हातानं तिनं त्याला चहाची कपबशी दिली होती, पण तेव्हा त्यानं तिकडं पाहिलं नव्हतं.

निघताना मावशी एवढंच म्हणाली, "यंत्र चुकलं त्याचं मला काई न्हाई. पन तू आज सांगायला आल्ता बाबा. इचारायला न्हाई." बस येईपर्यंत तातेराव फाट्यावर उभा होता आणि ते वाक्य त्याच्या शेजारी उभं होतं.

सोमवारी त्यानं कंपनीचे मॅनेजर काकासाहेब यांना सगळं सांगितलं. काकासाहेब भला माणूस. ते म्हणाले, "रविवारी शेतकऱ्यांचा मेळावा आहे. यंत्र बिघडलं होतं म्हणू. कुणाला काय कळतंय?"

तातेरावाला ती सोय फार गोड वाटली. अर्धी मान हललीसुद्धा. मग त्याला चिरलेलं नख आठवलं.

"यंत्र न्हाई बिघडलं, साहेब," तो म्हणाला. "त्यानं सांगितलं तेवढंच केलं. बिघडलो मी."

"मग यादी तूच वाच," काकासाहेब म्हणाले. "समोर उभा राहून."

तातेराव पुन्हा औरंगाबादला गेला. या खेपेला पुस्तक वाचलं. दोन रात्री उशीशिवाय झोपला. त्या धाकट्या यंत्रात पूर्णांकाला जास्तीची जागा मिळायची सोयच नव्हती. मग त्यानं मावशीची रीत उचलली. एका घरात सुटी फुलं मोजायची, हजार झाली की ते घर रिकामं करायचं आणि दुसऱ्या घरात एक टाकायचा. त्या दुसऱ्या घराला नाव द्यायचं होतं, सहा इंग्रजी अक्षरांच्या आत. त्यानं मावशी असं दिलं. बरोबर सहा भरली.

रविवारी कंपनीच्या आवारात मांडव. सत्तर-ऐंशी माणसं, बायका एका बाजूला. कडूबा नवं धोतर नेसून पुढं बसलेला, कारण पहिला नंबर त्याच्या कानावर आधीच गेला होता. तातेरावानं माईक धरला आणि सगळं सांगून टाकलं, अगदी उशासकट. मांडव हसून हसून बेजार झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, उशी कोन्या गावची?" कडूबा तेवढा हसला नाही. "म्हंजे मी दुसरा?" त्यानं विचारलं. "दुसरा, कडूबाभाऊ. मला माफ करा." कडूबानं धोतराच्या निऱ्या नीट केल्या आणि म्हणाला, "दुसरा तर दुसरा. वजा तर न्हाई ना?"

मग यादी. पण तातेरावानं ती सरळ वाचली नाही. तळापासून एकेक नाव घ्यायचा, आकडा सांगायचा आणि माणसाकडं बघून विचारायचा, "बराबर हाये का?" काकासाहेब घड्याळ बघायला लागले. शेवटी पहिलं नाव उरलं.

"कौसल्याबाई, वडीगोद्री. तेहतीस हजार एकशेवीस." त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं. "मावशी, बराबर हाये का?"

मावशी उठली. सगळ्या मांडवातून हळूहळू चालत पुढं आली, तिच्यामागं त्या नऊ बायकाही. तिनं पदराची गाठ सोडली आणि चिंचोके टेबलावर ओतले.

"मला काय इचारतो? मोज."

काकासाहेब म्हणाले, "अहो बाई, कागदावर आलंय की आता." मावशीनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही.

तातेरावानं माईक बाजूला ठेवला. वडीगोद्रीच्या वस्तीतला कॉम्प्युटरची भाषा येणारा तो एकुलता माणूस टेबलावर वाकला आणि एक चिंचोका उचलून, मांडवाच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लाभ."