उजवा स्पीकर

फुकट मिळालेल्या कुठल्याही गोष्टीचा रास्तकोला संशय येई. पांचेवो गावातल्या एका विमा कार्यालयात तो नुकसानभरपाईचे दावे तपासायचा. स्वतःच्याच गाडीला स्वतःच ओरखडे काढून वर रडत येणारी माणसं बघून बघून त्याचं मन असं झालं होतं, की बायकोने न मागता कॉफी पुढे केली तरी तो विचारी, "काय झालं?"

"काही नाही. कॉफी झाली," दुन्या म्हणे.

असा माणूस गाणी ऐकण्याच्या नादी लागला तो वडिलांच्या स्पीकरांमुळे. वडिलांनी ते सीमेपलीकडच्या त्रिएस्ते शहरातून आणले होते. गाडीच्या मागच्या सीटवर दोन खोकी, त्यांवर घोंगडी आणि घोंगडीवर पोरं बसवून सीमा पार केली होती. त्यातलं एक पोर रास्तको. वडील गेल्यावर स्पीकर त्याच्या फ्लॅटवर आले आणि तिथे ते भांड्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाजू लागले. कुणीतरी सांगितलं, शनिवारी डॉक्टरांकडे जा.

डॉक्टर स्वेतोझार म्हणजे निवृत्त दंतवैद्य. तामिश नदीच्या कडेला त्यांचं घर होतं. दर शनिवारी दुपारी तिथे गावातले आवाजवेडे जमायचे आणि नवख्यांची शाळा भरायची. पहिल्याच दिवशी रास्तकोला दिसलं, की चांगली घोड्याएवढी माणसं बैठकीच्या खोलीत भिंतीकडेने रांगत होती. जाड सुराचा मोठा स्पीकर डॉक्टरांनी आरामखुर्चीवर चढवला होता. माणसाच्या जागी स्पीकर ठेवायचा आणि स्पीकरच्या जागा माणसाने रांगत शोधायच्या. जिथे ठोका सगळ्यात भरीव ऐकू येईल तिथे नंतर स्पीकर मांडायचा.

"डॉक्टर, इथे नुसता मांजराचा वास येतोय," टेबलाखालून झ्लात्को ओरडला. तो शहर बसचा ड्रायव्हर. त्याला गाण्याशी देणंघेणं नव्हतं. घरच्या भिंतीवर पडदा टांगून फुटबॉल असा बघायचा, की गोल झाला तर शेजाऱ्याच्या कपाटातली भांडी पडली पाहिजेत, एवढीच त्याची इच्छा.

"मग पुढे सरक. आणि पोट आत घे, सूर अडतोय," डॉक्टर म्हणाले.

दुसरा धडा पेन्सिल सेलचा. सेलची दोन टोकं स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायची. स्पीकरमधला कागदी पडदा बाहेर आला तर तारा सरळ, आत गेला तर उलट्या. "दोन्ही स्पीकरांचे पडदे एकदम बाहेर आणि एकदम आत जायला हवेत," डॉक्टर प्रत्येक नवख्याला सांगत. "एक बाहेर आणि एक आत असला, की जाड सूर एकमेकांना खाऊन टाकतात. आणि गाणारा जो दोघांच्या मधोमध उभा असल्यासारखा वाटायला हवा, तो नाहीसाच होतो." रास्तकोने मान डोलावली. त्याला हे सगळं मनापासून आवडत होतं, आणि इतकं आवडतंय याचाही त्याला थोडा संशय येत होता.

उन्हाळ्यात वडिलांच्या उजव्या स्पीकरची फोमची कड झिजून चुरा झाली आणि पडदा फडफडू लागला.

"ठेवून जा, मी नवी कड लावतो," डॉक्टर म्हणाले.

"काय घ्याल?"

"काय घेणार? पूर्वी दात बसवायचो, आता हे बसवतो. हाताला काम लागतं रे."

रास्तकोच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. हाताला काम लागतं म्हणून कोण फुकट राबतं? पुढच्या शनिवारी देसांकाकाकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, त्याला तळघरातून वाइनची बाटली आणायला पाठवलं. तिथे कोपऱ्यात एक खोकं उभं होतं. हुबेहूब त्याच्या स्पीकरसारखं, त्याच काळातलं, आणि पुढे जिथे पडदा हवा तिथे नुसतं गोल भोक. रास्तको बाटली विसरून वर आला.

"कधी मिळेल माझा?" त्याने विचारलं.

"अजून गोंद वाळतोय."

पुढच्या वेळीही गोंद वाळतच होता. तोवर रास्तकोच्या डोक्यात अख्खा दावा तयार झाला होता. डॉक्टरांकडे एक आंधळं खोकं आहे, त्याला डोळा हवा आहे. असले पडदे आता बनत नाहीत. म्हातारा माझा खरा पडदा तिकडे लावणार आणि मला कुठला तरी बाजारू बसवून देणार. दुन्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्या माणसाने तुझी दाढ वाचवली होती, तीही तपासून घे." ती थट्टा करत होती. रास्तकोने आरशात तोंड उघडून बघितलं.

अखेर डॉक्टर स्वतः स्पीकर घेऊन आले, कॉफीला न थांबता गेले. न थांबता का गेले? रास्तकोने स्पीकर जोडण्याआधीच जमिनीवर आडवा घातला, दातांत टॉर्च धरली आणि स्क्रू काढून पडदा मागच्या चुंबकासकट बाहेर ओढला. ओढताना मागच्या दोन्ही ताराही सुटून हातात आल्या. चुंबकावरचा आकडा त्याने वाचला. पण मूळ आकडा कुठे माहीत होता? शिवाय आकड्याची चिठ्ठी काय, कुणीही चिकटवेल. काहीच सिद्ध झालं नाही. त्याने तारा पुन्हा खोचल्या, स्क्रू घट्ट केले, आणि मग गाणं लावलं.

जाड सूर गायब. बाईचा आवाज मधोमध यायचा, तो कुठूनच येत नव्हता. ती जणू खोलीतून उठून गेली होती. रास्तकोला घाम फुटला आणि त्याच क्षणी, हे सांगायला हवं, त्याला बरंही वाटलं. आपण मूर्ख नव्हतो म्हणून बरं वाटलं.

शनिवारी तो भरल्या बैठकीत उभा राहिला.

"डॉक्टर, माझ्या स्पीकरात काय घातलंत तुम्ही?"

"म्हणजे?"

"तो मेलाय. आवाजात दमच नाही."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "जोडताना तारा उलट्या नाहीत ना झाल्या?"

"मी काय पोर आहे? लाल लालला, काळी काळीला. दहादा बघितलंय."

"चल, आत्ता येतो तुझ्याकडे. बघू."

"आणि येऊन गुपचूप पुन्हा बदलून ठेवाल!"

झ्लात्को हसायला तोंड उघडून तसाच राहिला. डॉक्टरांनी रास्तकोकडे नीट बघितलं आणि मोठ्या शांतपणे विचारलं, "तू आत हात घातला होतास का? उघडला होतास?"

आपण त्यांच्यावर पाळत ठेवून, दातांत टॉर्च धरून, खोकं उघडून बसलो होतो हे चारचौघांत कबूल करायचं? रास्तकोच्या जिभेने त्याच्या आधी उत्तर दिलं.

"नाही."

"मग आत फक्त माझाच हात गेलाय," डॉक्टर म्हणाले.

"आणि तळघरात ते रिकामं खोकं आहे, त्याचं काय?"

डॉक्टरांनी अर्सेनकडे बघितलं. अर्सेन औषधाच्या दुकानाचा मालक, नेहमी कुजबुजत बोलणारा. तो कपातल्या कॉफीच्या गाळाकडे बघत राहिला. डॉक्टर पुढे काही बोलले नाहीत, आणि न बोलणं म्हणजे कबुली असंच रास्तकोने आयुष्यभर धरलं होतं.

गोष्ट गावभर झाली. मग काय विचारता! ज्याच्या ज्याच्या स्पीकरला डॉक्टरांचा हात लागला होता त्याला त्याला आपला आवाज पातळ वाटू लागला. काल याच आवाजाची तारीफ करणारे आज कान टवकारून खोट शोधू लागले, आणि शोधणाऱ्याला ती सापडतेच. झ्लात्कोला तर शेजाऱ्याची भांडी पडत नाहीत याचंही कारण कळलं. शनिवारची शाळा आधी रोडावली, मग बंद पडली. डॉक्टरांनी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले आहेत, असं लोक सांगत.

शरद ऋतू संपत आला तेव्हा रास्तकोने आवाजवेड्यांच्या इंटरनेटवरच्या चावडीवर सगळं पुराव्यानिशी मांडायचं ठरवलं. पुरावा हवा म्हणून त्याने पेन्सिल सेल काढला. डाव्या स्पीकरचा पडदा बाहेर आला. उजव्याचा आत गेला.

"सापडला चोर!" तो ओरडला. दुन्या स्वयंपाकघरातून धावत आली. "बघ, तारा उलट्या लावून दिल्यात म्हाताऱ्याने!"

फोटो काढायला त्याने पडदा उघडला. या वेळी दिवसाउजेडी, टॉर्चशिवाय. एका तारेला बारीक लाल दोरा बांधलेला होता, दातांचे डॉक्टर बांधतील तशी चिमुकली, नेटकी गाठ. पडद्यामागच्या दोन टोकांपैकी एकाशेजारी लाल रंगाचा ठिपका होता. दोऱ्याची तार ठिपक्याला, एवढं सरळ होतं ते, कुणी पोरानेही चुकू नये म्हणून केलेलं. आणि दोऱ्याची तार होती दुसऱ्याच टोकावर. रास्तकोला तो दोरा आठवला. टॉर्चच्या उजेडात त्याला तो कचरा वाटला होता. जी तार हाताला आली ती त्याने दिसेल तिथे खोचली होती.

"तू उघडला होतास?" दुन्याने विचारलं.

त्याने दोऱ्याची तार उपसून काढली. दुन्या मग म्हणाली, "देवा रे. आणि त्या माणसाची तू गावात राखरांगोळी केलीस."

त्याने तारा सरळ केल्या. गाणं लावलं. बाई परत येऊन मधोमध उभी राहिली, आणि रास्तकोला ते ऐकवेना.

डॉक्टर त्याचा फोन उचलत नव्हते. पण दोनच दिवसांवर संत मिखाइलाचा दिवस होता, डॉक्टरांच्या घराण्याचा स्लावा, म्हणजे कुळाच्या संताचा सण. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला दारातून परत पाठवता येत नाही, मग तो वैरी का असेना. दरवर्षी डॉक्टरांच्या घरी पाय ठेवायला जागा नसायची. रास्तकोने मनात ठरवलं, की गर्दी असेलच, सगळ्यांसमोर खोटं बोललो तर सगळ्यांसमोर खरं बोलू.

देसांकाकाकूंनी दार उघडलं. चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांनी प्रसादाच्या गोड गव्हाची वाटी पुढे केली. त्याने छातीवर क्रॉसची खूण केली, चमचाभर गहू खाल्ला आणि आत गेला.

लांब टेबलं जोडून मांडली होती. पांढरी चादर, मेणबत्ती, कापलेला स्लावाचा पाव, भाजलेलं डुकराचं पिल्लू, ताटंच ताटं. आणि माणूस एकच. टोकाशी कोट घालून डॉक्टर बसले होते.

"बस," डॉक्टर म्हणाले. ते सवयीने उठून उभे राहिले होते, यजमानाने स्लावाला बसायचं नसतं म्हणून.

रास्तको बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. टॉर्च, सुटलेल्या तारा, लाल दोरा, 'नाही' म्हटलं ते. देसांकाकाकू दारात उभ्या होत्या.

"आणि ते तळघरातलं खोकं," त्या म्हणाल्या, "त्याचा पडदा अर्सेनकडे वाजतोय. यांनी दिला. त्याला माहीत होतं. बसला तोंड शिवून!"

"जाऊ दे, देसांका," डॉक्टर म्हणाले.

"नाही जाऊ देत! मी आत्ता सगळ्यांना बोलावतो," म्हणत रास्तकोने फोन काढला. झ्लात्कोला लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. "झ्लात्को, चूक माझी होती. मीच उघडला होता, मीच तारा उलट्या लावल्या. डॉक्टरांकडे ये, ताटं मांडलीत."

पलीकडून झ्लात्को आवाज खाली आणून म्हणाला, "भावा, तू आत्ता तिथे आहेस ना? म्हातारा शेजारी बसलाय? काय धमकी दिली? कोर्टाची? नुसता खोकलास तरी मला कळेल."

"अरे, मी खरं सांगतोय!"

"समजलं, समजलं. बोलू नकोस. घरी गेलास की फोन कर."

फोन बंद झाला. देसांकाकाकू स्वयंपाकघरात गेल्या. आत भांड्यांचा आवाज सुरू झाल्यावर डॉक्टर पुढे झुकले.

"हिने पाठवलं ना तुला?"

"कुणी?"

"देसांकाने. तुझ्या घरी आली होती ना? की असं असं सांग म्हणून."

"नाही हो डॉक्टर! शपथ घेतो. तुम्ही बांधलेला दोरा होता, ठिपका होता, मी माझ्या डोळ्यांनी—"

"मला दोरा बांधल्याचं आठवतच नाही रे," डॉक्टर म्हणाले. "इतके महिने मी तेच आठवतोय. तू म्हणालास उघडला नाही, मग मीच चुकलो असणार. हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. म्हणूनच सगळी हत्यारं देऊन टाकली." ते हसले, अगदी प्रेमाने. "तू चांगला मुलगा आहेस. आलास, बरं केलंस. पण माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

दुसऱ्यांचे खोटे कागद पकडण्यात रास्तकोचं आयुष्य गेलं होतं, आणि आता एक खरी गोष्ट खरी आहे हे कसं दाखवायचं हे त्याला कळेना. तारा तर त्याने स्वतःच, फोटो न काढता, सरळ करून टाकल्या होत्या.

देसांकाकाकू वाफाळत्या सारम्याचं, खिमा भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्यांचं, पातेलं घेऊन आल्या. पाहुण्याला पहिलं वाढायचं म्हणून डॉक्टरांनी डाव घेतला. त्यांचा हात थरथरला, आणि थोडा रस पांढऱ्या चादरीवर सांडला.

"बघ," ते रास्तकोला म्हणाले, आणि डाव बायकोच्या हाती दिला.