शेवटच्या थांब्यावरची ताई

ताईकडे दोन दिवसांची हवा उरली होती, आणि गेली चार वर्षं ती तेवढीच उरलेली होती.

यावरचे विनोद आता कचेरीत शिळे झाले होते. कुणाचं काम हातावेगळं होत नसलं की म्हणायचे, ताईच्या हवेसारखं चाललंय. ज्या बाईनं ताई लिहिली ती पूर्वी या विनोदांना हसायची. आताशा नुसती मान हलवून पुढं जायची. तिला सगळे कथाबाई म्हणत, कारण चाळीस माणसांच्या त्या कचेरीत कथा लिहिणारी ती एकटीच. बाकीचे अंतराळयानं रंगवणारे, ती उडवणारे, त्यांना आवाज देणारे आणि सगळ्यांच्या चुका हुडकणारे.

कचेरी संगणकावरचे खेळ बनवायची आणि हा खेळ अंतराळातला होता. खेळणारा एका जुनाट मालवाहू यानाचा कप्तान व्हायचा. पहिल्या दहा मिनिटांतच त्याला थोरल्या बहिणीचा निरोप यायचा: दूरच्या वेधशाळेत मी एकटी अडकलेय, दोन दिवसांची हवा आहे, लवकर ये. तिथून पुढं आठ प्रकरणांची कथा होती. कथाबाईनं ती रक्ताचं पाणी करून लिहिली होती. पण त्या आठ प्रकरणांच्या चहूबाजूंनी तीनशे ग्रह पसरलेले होते. तिथं बर्फ खणता येत होता, माल पोचवता येत होता, यानाला हवा तो रंग देता येत होता. लोक निरोप ऐकायचे, "अरेरे" म्हणायचे आणि बर्फ खणायला निघून जायचे. महिनाभरानं आठवण झाली की वेधशाळेत पोचायचे, तर ताई म्हणायची, बरं झालं आलास, दोनच दिवसांची हवा उरली होती.

तीनशे ग्रह नकाशेवाल्यानं रचले होते. तो कथाबाईच्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि दोघं चार वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत होते. इतकी वर्षं भांडल्यावर माणसं सख्ख्या भावंडांसारखी होतात, तशी तीही झाली होती.

"तुझी ताई माझ्या लोकांना शाळेच्या घंटेसारखी बोलावते," तो म्हणायचा.

"आणि तुझ्या लोकांची बहीण गुदमरतेय आणि ते बर्फ खणतायत."

"बर्फ चांगला आहे गं. पाच महिने घातलेत मी त्या बर्फात."

एकदा त्यांनी कथा पुरी होईपर्यंत ग्रहांना कुलपं लावून पाहिली. लोक वैतागले. चाचणीच्या कागदावर लिहून गेले, आकाश दाखवता आणि बोट धरून चालवता. कुलपं काढली, तर ताई पुन्हा चेष्टेचा विषय झाली. शेवटी सोमवारच्या बैठकीत मोठ्या बाईंनी, म्हणजे कचेरीच्या प्रमुखांनी, चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडत नसत. चष्मा काढला की झालं.

"तीन बुधवार," त्या म्हणाल्या. "तीन चाचण्यांत कथा आणि मोकळीक एकत्र नांदली तर ठीक. नाहीतर ताई काढू. नुसता मोकळा खेळही चालेल."

"ताई काढू म्हणजे?" कथाबाईनं विचारलं.

"म्हणजे काढू. कुणाला कळणारही नाही तुम्ही काय लिहिलं होतं ते."

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, नुसती वस्तुस्थिती होती, आणि तीच जास्त लागली.

चाचणीची खोली म्हणजे सहा खुर्च्या, सहा पडदे आणि एका भिंतीला काच. काचेतून अलीकडच्यांना पलीकडचं दिसायचं, पलीकडच्यांना नुसता आरसा. खेळून बघायला बाहेरची माणसं बोलावत. त्यांत एक निवृत्त बसचालक होते. ते पाठीला लावायची उशी घरून आणायचे आणि खुर्चीत बसल्या बसल्या आधी डावीउजवीकडे आरसे बघितल्यासारखी मान वळवायचे.

"तीस वर्षं एकाच रस्त्यानं गेलो," पहिल्या बुधवारी ते म्हणाले. "आता कुठं जायचं ते कुणी सांगू नका मला."

"नाही सांगत काका," कथाबाई म्हणाली आणि काचेमागं जाऊन बसली.

त्या बुधवारसाठी तिनं खरंखुरं घड्याळ लावलं होतं. विनोद खोटा पाडायचा तर हवा खरंच संपली पाहिजे, असा साधा हिशेब. नकाशेवाला म्हणाला होता, "बघ हं, हे जड जाईल." तिनं ऐकलं नाही.

काकांनी निरोप ऐकला. मग रंगाच्या दुकानाकडं यान वळवलं. त्यांनी यानाला खालून हिरवा आणि वरून पिवळा रंग दिला, दारावर पांढरी पट्टी ओढली, ती वाकडी आली म्हणून पुसून पुन्हा ओढली. खेळातले दोन दिवस त्या पट्टीतच गेले. मग ते वेधशाळेत पोचले. दार उघडलं. खुर्चीवर शाल होती, शेजारी पेला होता, आणि ताई नव्हती.

काकांनी कानावरचं काढलं. चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

कथाबाई आत गेली, तेव्हा ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "माझी गाडी तीस वर्षांत दोनदा उशिरा पोचली. एकदा पुरामुळं आणि एकदा पूल खचला म्हणून. आज मी नुसता रंग देत बसलो होतो हो."

त्यांनी कागद कोराच ठेवला. उशी मात्र घ्यायला विसरले नाहीत. कथाबाई त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत उभी राहिली. तिला वाटलं, आपण एका भल्या माणसाला उगाच रडवलं, आणि याला कथा म्हणतोय.

दुसरा बुधवार तिनं हातचा घालवला. घड्याळ काढलं, जुनीच हवा परत घातली. काका आलेच नाहीत. पाच खुर्च्यांतली पाचही माणसं बर्फ खणत होती. मोठ्या बाई पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या.

रोज संध्याकाळी सहाला कथाबाईला आक्काचा फोन यायचा. आक्का तिची थोरली बहीण, लांबच्या गावी एकटी राहणारी. हा नेम दोघींनी अकरा वर्षं चुकवला नव्हता. ताप असला तरी दोन वाक्यं तरी व्हायचीच. त्या दिवशी कचेरीच्या जिन्यात बसून तिनं फोन घेतला.

"आज टाकी धुतली," आक्का म्हणाली. "मांजरीनं पिलं जिन्याखाली हलवली. एक फार आगाऊ आहे, तुझ्यावर गेलंय. जेवलीस का दुपारी?"

"जेवले."

"खोटं. बरं असू दे. पुढच्या खोलीची खिडकी उघडी ठेवते हल्ली, हवा खेळती राहते. फोन ठेवू?"

पुढची खोली कथाबाईची होती. दोन वर्षांत ती तिथं गेली नव्हती. आक्कानं मात्र एकदाही ये म्हणून म्हटलं नव्हतं. टाकी, मांजर, खिडकी, एवढंच. आणि तरी फोन ठेवल्यावर दर वेळी जिवाला ओढ लागायची ती त्या खिडकीचीच. कथाबाई जिन्यात बसून राहिली. साफसफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "बाई, पाय जरा वर घ्या," तेव्हा कुठं ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं आठही प्रकरणं उचलून 'नंतर' नावाच्या कप्प्यात ठेवली. ताईला भरपूर हवा दिली. तिला अडकवलंही नाही. ती वेधशाळेत कामाला आहे आणि एकटी आहे, बस्स. रोज ती एक टिपण पाठवील, आणि कुणाला काही मागणार नाही. कथाबाईनं अशी चाळीस टिपणं लिहिली. आज दुर्बिणीची काच पुसली. आज नळ गोठला, साठवलेल्या पाण्यावर भागतंय. आज बाहेरचा दिवा लावला, रोज लावते.

"दिवा कुठूनही दिसायला हवा," ती नकाशेवाल्याला म्हणाली. "तीनशेच्या तीनशे ग्रहांवरून."

त्यानं पडद्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "त्या बाजूचे दोनशे तारे काढावे लागतील. एकेक हातानं लावलाय मी."

"माझी आठ प्रकरणं गेली."

"मी कुठं नाही म्हणतोय," तो म्हणाला आणि तारे काढायला बसला. दुपारपर्यंत खुर्चीतून उठला नाही.

तिसऱ्या बुधवारी काका आले. कथाबाईनं स्वतः फोन करून विनवलं होतं. "कुणी मरणार नाही ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

काचेमागं तिघं बसली होती. काकांनी पहिलं टिपण ऐकलं, हूं म्हणाले आणि उलट दिशेला गेले. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. काकांनी बर्फ खणला, तांबड्या चंद्रावर माल उतरवला, दुरुस्तीच्या गोदीत यान धुऊन घेतलं. मधूनमधून टिपणं येत होती. नळाच्या टिपणावर ते थबकले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि चाचणीच्या कागदामागं काहीतरी लिहायला लागले.

"काय लिहितायत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

नकाशेवाल्यानं काचेला नाक लावलं. "वेळापत्रक," तो म्हणाला. "बर्फाचा पट्टा, तांबडा चंद्र, गोदी. पुढं मिनिटं टाकलीत. रस्ता आखतोय हा माणूस."

रस्ता फिरून फिरून दिव्याकडंच चालला होता. यानात बर्फ होता, सगळा भरून. काका वेधशाळेपाशी आले, यान सावकाश दाराला लावलं आणि हातातलं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

"बिघाड?" नकाशेवाला पुटपुटला.

कथाबाईचे कान तापले. "बिघाड नाही. दारातलं बोलणं आठ प्रकरणांबरोबर गेलं. नवं मी लिहिलंच नाही."

"चाळीस टिपणं लिहिलीस आणि दार नाही?"

"कुणी येईल असं धरलंच नव्हतं मी," ती म्हणाली.

पलीकडं चाचणी घेणारी मुलगी काकांना सांगत होती, आजचं एवढंच, तुम्ही उठलात तरी चालेल. काका जागचे हलले नाहीत. "गाडी वेळेत आहे," ते म्हणाले. "शेवटच्या थांब्यावर चार मिनिटं थांबता येतं. थांबतो मी."

काचेमागच्या यंत्रावरून चालू खेळात एखादी ओळ घालता येत होती. कथाबाई त्याच्यासमोर बसली. बरं झालं आलास, वाचवलंस, किती वाट पाहिली, सगळं तिच्या बोटांशी आलं आणि तिनं ते येऊ दिलं नाही. मग तिनं एक ओळ लिहिली.

दार उघडलं. ताई शाल सारखी करत उभी होती. पडद्यावर अक्षरं आली: पाणी आणलंस? ठेव तिथं. हात धू, मग बोलू.

काका मोठ्यानं हसले. मग बर्फ उतरवून झाल्यावर कागदाच्या मागं त्यांनी चौथ्या थांब्यापुढं वेळ टाकली आणि खाली एक रेघ ओढली.

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. "ताई राहील," त्या म्हणाल्या. "आठ प्रकरणं नाहीत."

"नाहीत," कथाबाई म्हणाली. तिला आनंद व्हायला हवा होता. तो कुठंतरी असेलही, पण त्याच्या आधी पाठ दुखत होती आणि डोळे चुरचुरत होते.

नकाशेवाला बाहेर जाता जाता म्हणाला, "दारातली चाळीस बोलणी लागतील आता. माणूस रोज येणार आहे."

"उद्या," ती म्हणाली.

मग ती जिन्यात जाऊन बसली. सहा वाजायला पाऊण तास होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं आपण होऊन आधी फोन लावला.

"काय गं, एवढ्या लवकर?" आक्काचा आवाज घाबरलेला होता. "बरी आहेस ना?"

"दमलेय. शनिवारी येते मी."

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ये," आक्का म्हणाली. "जिना जपून चढ, पिलं पायात येतात."