देवरीला दिलेलं लायसन

पत्राच्या पहिल्याच ओळीत "आनंदाची बातमी" असं लिहिलेलं होतं, आणि तिथेच इंद्रकुमार बिसेन सावध झाला. मोठ्या कंपनीला आनंद झाला की लहान माणसाच्या खिशाला भोक पडतं, एवढं शहाणपण त्याला सेहेचाळीस वर्षांत आलेलं होतं. पत्र इंग्रजीत चार पानी होतं. अर्थ मात्र चार ओळींचा. ज्या सॉफ्टवेअरवर त्याचा सगळा धंदा उभा होता, ती कंपनी तिच्याहून मोठ्या एका कंपनीनं गिळली होती. जन्मभरासाठी म्हणून विकलेली लायसन आता बंद. यापुढे भाडं भरायचं, आणि तेही तीन वर्षांचा करार करून. या प्रकाराला पत्रात "सुलभीकरण" म्हटलं होतं. दरोडेखोरसुद्धा दरोड्याला दरोडाच म्हणतात, पण ही माणसं शिकलेली होती.

इंद्रकुमारचा धंदा गोंदियात, राइस मिलचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. आतल्या खोलीत दोन मोठे सर्व्हर, दोन एसी आणि कायम घोंगावणारा आवाज. मिलवाल्यांची बिलं, दोन पतसंस्थांचे हिशेब, एका पॅथॉलॉजीचे रिपोर्ट, कॉलेजचे निकाल, असे चाळीस ग्राहक त्या दोन यंत्रांवर नांदत. ते सॉफ्टवेअर एका यंत्राची वीस यंत्रं करी. मोठ्या घरात भिंती घालून वीस बिऱ्हाडं बसवावीत आणि प्रत्येकाला वाटावं की अख्खं घर आपलंच, तसं.

आता भाडं कोअरवर होतं. कोअर म्हणजे यंत्राच्या मेंदूतले काम करणारे हात. इंद्रकुमारच्या दोन यंत्रांत मिळून असे बत्तीस कोअर होते. कंपनीचा नियम होता, कमीत कमी बहात्तरचं भाडं भरा. नसलेल्या चाळीस कोअरचंसुद्धा. आधी वर्षाला देखभालीच्या सव्वा लाखात भागायचं, ते आता चौदा लाख झालं.

त्यानं हे आपले जुने ग्राहक रामलालशेठ यांना सांगितलं. शेठची मिल, तीन पिढ्यांचा व्यापार, माप कसं धरावं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तेही थक्क झाले. "अरे भाई, मेरी मिल में दो हलर हैं और कोई पाँच का किराया माँगे, तो मैं उसको भूसे में गाड दूँ," ते म्हणाले. "ऐसा हिसाब तो हमारे बाप-दादा को भी नहीं सूझा." मग जरा वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "हमारा रेट तो नहीं बढ़ेगा न?"

तोच तर प्रश्न होता. आठ वर्षांत इंद्रकुमारनं कुणाचा रेट वाढवला नव्हता. चौदा लाख भरायचे तर रेट तिप्पट करावे लागत, आणि तिप्पट रेटनं गोंदियात कोण थांबणार? धंदा राहतो की जातो, एवढीच गोष्ट होती.

रस्ता नव्हता असं नाही. अल्का रामटेकेनं तो काढून ठेवला होता. अल्का तिरोड्याची, त्याच्याकडे सहा वर्षांपासून. सर्व्हरचं सगळं तिच्याच हातात. तिनं मागच्या एका जुन्या यंत्रावर फुकटचं सॉफ्टवेअर तीन महिने चालवून पाहिलं होतं.

"भाऊ, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नारबोदले, बाजार बंद राह्यते," ती म्हणाली. "सकाळी आठले लागलो तं संध्याकाळपर्यंत पूर्ण हलवून टाकतो."

"आन मधातच अटकलं तं?"

"अटकलं तं मागं येऊ. कॉपी ठेवून राहिली ना मी."

"फुकटात का भेटते, अल्का? फुकटाची वस्तू कवा दगा देईन, सांगता येत नाई."

"आन हे विकत देल्लेली वस्तू वापस घेऊन राहिले, तो दगा नोहे का?"

तरी इंद्रकुमार ढिम्म. त्याला त्या कंपनीची शिसारी आली होती, उठता-बसता तिला शिव्या घालत होता, पण सोडायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढी. शिव्या द्यायला काही लागत नाही, हलायला लागतं. नारबोदच्या सकाळी पोरं-माणसं "घेऊन जा गे नारबोद" ओरडत रोगराई गावाबाहेर घालवून आली, आणि इंद्रकुमार घरी टीव्ही पाहत बसला. पुढच्या बंदला करू, म्हणाला.

त्याच आठवड्यात अतुल आला. कंपनीचा माणूस, पुण्याचा. पस्तिशीचा, गुळगुळीत, बोलण्यात लोण्याहून मऊ. "सर, मी तुमच्याच बाजूचा आहे," हे त्याचं पहिलं वाक्य. इंद्रकुमारला तो पाहताक्षणी आवडला नाही. पण दारी आलेल्या माणसाला हॉटेलात जेवू घालायची रीत बिसेनांच्या घरात नव्हती, मग तो गळा कापायला आलेला का असेना. त्यानं त्याला घरी नेलं.

दुर्गानं, इंद्रकुमारच्या बायकोनं, सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात केला, लाखोरीच्या डाळीचे वडे तळले. अतुलनं आधी खिशातल्या बाटलीतलं औषध हाताला चोळलं, ताटाची कड रुमालानं पुसली, आणि मग असा तुटून पडला की दुर्गाला दुसरा घाणा काढावा लागला. "वहिनी, असा भात पुण्यात स्वप्नात नाही मिळत," तो बोटं चाटत म्हणाला. इंद्रकुमारची छाती दोन इंच फुगली. आपल्या माणसाची हीच खोड वाईट. कुणी आपल्या ताटाची तारीफ केली की आपण त्याला घराचं कोठारही उघडून दाखवतो.

"या भागात तुमच्यासारखं काम दुसरं कोण करतं हो, सर?" अतुलनं सहज विचारलं, वडा मोडता मोडता.

"माझ्यासारखं कोण करणार?" इंद्रकुमार हसला. "देवरीला एक पोरगं आहे, उदाराम कुंभरे. माझ्याच हाताखाली शिकला. सात आश्रमशाळा सांभाळतो एकटा. पोरांची हजेरी, शिष्यवृत्तीच्या याद्या, सगळं. त्याला उभं मीच केलं. मी नवीन लायसन घेतलं ना, तेव्हा जुनं त्याला देऊन टाकलं."

"देऊन टाकलं? वा!" अतुल म्हणाला. "मोठं मन आहे, सर."

इंद्रकुमारला यात वावगं काहीच वाटलं नाही. त्याचा बाप चोरखमारा तलावाच्या कालव्याखाली भाताच्या बांध्या कसत आला. घरात नवीन नांगर आला की जुना धाकट्या भावाला, भाऊ नसला तर हाताखालच्या होतकरू माणसाला द्यायचा. विकायचा नाही. ज्यानं पैसे मोजून वस्तू घेतली, ती कुणाला द्यायची हे त्यानं ठरवायचं. नांगर बनवणारा सुतार काही मागून येऊन विचारत नाही की माझा नांगर कुणाच्या बांधीत चालून राहिला. लायसनही पैसे मोजूनच घेतलं होतं, आणि देताना उदारामला हाच नांगराचा दाखला दिला होता. म्हणून तर ते देवरीला दिल्याचा त्याला अभिमान होता, आणि तो त्यानं तिसऱ्या वाढीबरोबर अतुलच्या ताटात वाढला.

अतुल गेला. चौथ्या दिवशी मेल आली. चौदा लाखांचे नऊ लाख झाले होते. खाली एकच ओळ होती, "आपण केलेल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार." प्रस्ताव फक्त दोन दिवस खुला होता.

सहकार्य? इंद्रकुमार त्या शब्दापाशी अडखळला. मी काय सहकार्य केलं याला? फोन करून विचारावं, असं मनात आलं. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि नऊ लाखांचा आकडा समोर असताना कुणी उत्तरं मागत नसतं. मोठ्या कंपन्यांत सगळ्यांनाच असं लिहीत असतील, असं त्यानं मनाला बजावलं. "तुया लाखोरीच्या वड्याईनं पाच लाख वाचवले," तो दुर्गाला म्हणाला, आणि तीही हसली. अल्का दोन दिवस थांबा म्हणत होती. त्यानं तिचं ऐकलं नाही आणि तीन वर्षांचा करार करून मोकळा झाला. रेट दुप्पटच करावा लागणार होता, तिप्पट नाही. कोल्हा काकडीला राजी म्हणतात तो हाच.

तीन आठवड्यांनी दुपारी उदाराम आला. देवरीहून बसनं, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यानं पिशवीतून वकिलाची नोटीस काढून टेबलावर ठेवली. परवानगीशिवाय सॉफ्टवेअर वापरल्याबद्दल चौदा दिवसांत सगळं बंद करा, नुकसानभरपाई भरा, नाहीतर कोर्टात या. लायसनचा नंबर पूर्ण छापलेला होता. "विश्वसनीय माहितीच्या आधारे," असं वर लिहिलेलं.

उदाराम इंद्रकुमारकडे पाहत नव्हता. तो अल्काकडे पाहत होता.

"ताई, तुमीच येऊन बसवून देल्लं होतं ना," तो म्हणाला. "भाऊ तं सांगणार नाई. मंग राहिलं कोन? पैसे पायजे होते तं मले मांगायचे होते जी."

अल्काचा चेहरा लालबुंद झाला. "म्या कोनाले नाई सांगतलं, उदारामभाऊ. माह्या पोराची आन."

"मंग सर्व्हर बोललं का?"

इंद्रकुमार नोटीस वाचत होता. एकदा वाचून झाली होती, तो दुसऱ्यांदा वाचू लागला. विश्वसनीय माहिती. त्याला ताट दिसलं, वडा मोडणारी बोटं दिसली, आणि सहकार्य या शब्दाचा अर्थ कळला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस त्यानं स्वतः हाताला धरून घरी नेला होता. आता नुसतं गप्प बसलं तरी भागत होतं. उदारामनं दोषी आपणच शोधून आणला होता. अल्का रडली असती, चार दिवस बोलली नसती, मग विसरली असती. हा विचार त्याला खरोखर सुचला, आणि सुचला म्हणून त्याला स्वतःचीच किळस आली. अतुलची आली होती त्याहून जास्त.

"म्या सांगतलं, उदाराम," तो म्हणाला.

"तुमी?" उदारामला ते समजलंच नाही. "काऊन?"

"जेवता जेवता. तुयी तारीफ करून राहिलो होतो."

हे खरं होतं. खरं असूनही ऐकायला इतकं घाण वाटलं की त्यानं मान खाली घातली.

"तवा आपला रेट कमी झाला," अल्का म्हणाली. ती विचारत नव्हती. "वड्याईनं नाई झाला तो, भाऊ. उदारामभाऊच्या नावानं झाला."

इंद्रकुमारला काहीतरी चांगलं करायची घाई झाली. घाईत सुचतं तेच माणूस बोलतो. "हे पाय उदाराम, तू घाबरू नोको," तो म्हणाला. "सातही शाळा माह्याकडं हलव. माह्यापाशी बहात्तर कोअरचं लायसन हाये, वापरात बत्तीसच. मी सगळं सांभाळून घेतो. वकिलाचंही पाहून घेऊ. तुयाच फायद्याचं हाये."

"आन मी का करू, भाऊ?"

"तू माह्याकडं काम कर. पगार देतो."

तो हे अगदी मनापासून बोलला होता. पण तोंडातून बाहेर पडताना शब्द त्याच्या स्वतःच्याच कानावर पडले, आणि ते गोंदियाच्या माणसाचे वाटेनात. उदारामनं नोटिशीची घडी केली, पिशवीत ठेवली.

"मले वाटलं होतं, तुमी नांगर देल्ला," तो शांतपणे म्हणाला. "तुमी तं गळ टाकला होता."

अल्का उठली. तिनं कपाटातून आपली हार्डडिस्क काढली, स्कूटीची चावी घेतली. "उदारामभाऊ, चला. चौदा दिवस लय झाले. सात शाळा दोन दिवसात फुकटच्या सॉफ्टवेअरवर घालून देतो तुमाले. मंग त्याईले म्हना, या कोर्टात."

"अल्का, आन इथलं काम?" इंद्रकुमारनं विचारलं.

"इथलं का काम, भाऊ?" ती दारातून म्हणाली. "तीन वर्ष तं तुमाले आता काईच हलवता येत नाई."

ती दोघं जिना उतरून गेली. खाली स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. मग फोन वाजला. अतुलचा मेसेज होता. "नमस्कार सर! देवरीच्या शाळा आता तुमच्याकडेच येतील ना? मग बहात्तर पुरणार नाहीत. शंभरचा प्रस्ताव पाठवू? वहिनींना नमस्कार." खाली हात जोडलेलं चित्र होतं.

इंद्रकुमार धावत बेसिनपाशी गेला, वाकला, घशात बोटंही घातली. पण बाहेर काही पडेना. खाल्लेलं केव्हाच पचलं होतं.