खाणीतला चुगलखोर

मित्रांनो, मी एक जुना रिले आहे. तुमसरच्या पुढे मँगनीजची एक खाण होती. तिथल्या पंपाच्या पॅनलमध्ये मला १९७४ साली बसवलं. काम साधं. पंपाकडे गेलेली वीज तारांमधूनच परत आली पाहिजे. थोडी जरी जमिनीत पळाली, की मी पुरवठा तोडायचो. लोक मला चुगलखोर म्हणत. मला राग यायचा. मी कधी खोटी चुगली केली होती का?

एका भादव्यात खाणीचा खड्डा पाण्यानं भरला. पंप चालू झाला की मी तो बंद पाडायचो. सकाळपासून पाच वेळा असं झालं. मॅनेजरसाहेब भडकले, "पाणी उपसलं नाही, तर उद्यापासून खाण बंद!" खुशाल इलेक्ट्रिशियन गरीब स्वभावाचा. त्यानं केबल वरवर पाहिली आणि वीज तोडणारी माझी पट्टी हलू नये म्हणून तिच्याखाली आगपेटीची काडी खुपसली. झालं, माझी बोलती बंद! पंप धडधडत चालला, साहेबांनी खुशालची पाठ थोपटली. वीज जमिनीत पळते आहे हे मला कळत होतं, पण हलता येत नव्हतं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुपारच्या सुट्टीत मँगनीज निवडणाऱ्या कुंताबाई पंपापाशी हात धुवायला उतरल्या. पाइपाला बोटं लागताच त्या दचकून मागे सरल्या.

"खुशाल, पाइपाले हात लावला का झिनझिन्या येऊन राहिल्या!"

"तुमाले भास झाला असन, बाई. थांबा, मीच पायतो."

तो घोटाभर पाण्यात उतरला आणि पाइप धरायला त्यानं दोन्ही हात पुढे केले. विजेच्या झटक्यानं एकदा मुठी आवळल्या असत्या, तर त्या सुटल्या नसत्या.

"हात नको लावू, बाबू!" कुंताबाई ओरडल्या. "सकाळी मी पायलं, त्या डब्यात काडी कायले खुपसली तू? पयले ते काढ!"

खुशाल थबकला. वर येऊन त्यानं काडी ओढली आणि मी त्याच क्षणी वीज तोडली. खाली एका दगडाखाली केबलचं रबर सोललेलं सापडलं. खुशालनं तेवढा तुकडा कापून टाकला आणि केबल नव्यानं जोडली.

१९८६ साली नवा रिले आला. मी आता स्टोअरच्या फळीवर धूळ खात आहे. वाईट वाटतं, पण तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारख्या एखाद्यानं वीज तोडली, तर चिडून लगेच बटण दाबू नका. काडीच्या त्या दिवसानंतर मी पंप बंद पाडला की खुशाल आधी केबल तपासायचा. मग खड्ड्याच्या काठावर जाऊन हाक मारायचा, "खाली कोन हाय?" आणि उत्तर येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.