मंगळवारचं निळं पाणी

दर मंगळवारी दुपारी ओढ्याला निळं पाणी यायचं आणि धाकटी थोरलीला शिव्या घालायची. थोरली वर डोंगरात लोकर रंगवायची आणि उरलेल्या रंगाचं पिंप ओढ्यात ओतायची. धाकटी खाली, ओढा सपाटीला लागतो तिथे, हॉटेलांच्या चादरी धुवायची. पाण्यात निळाई दिसली की चादरी भराभरा बाहेर ओढायची आणि डोंगराकडे तोंड करून बहिणीचा उद्धार करायची.

कित्येक वर्षांपूर्वी थोरलीने भलत्याच दिवशी पिंप ओतलं होतं आणि सगळ्या पांढऱ्या चादरींचा सत्यानाश झाला होता. धाकटी तणतणत वर गेली. "ओढा काय तुझ्या बापाचा आहे?" तिने विचारलं. "मग तुझ्या बापाचा आहे का?" थोरलीने विचारलं. दोघींचा बाप एकच, पण त्या घटकेला ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

तर एका मंगळवारी निळं पाणी आलंच नाही. सुटले एकदाची, धाकटी म्हणाली. पुढच्या मंगळवारीही पाणी नितळ. चादरी अशा लख्ख निघाल्या की हॉटेलवाले खूश झाले. धाकटी मात्र सारखी डोंगराकडे बघत राहिली. थोरली एकटी राहायची. पडलीबिडली असेल तर सांगायला कोण येणार? बादली तशीच टाकून ती ओल्या हातांनी निघाली.

ओढ्यातल्या डोहापर्यंत पायवाट होती. डोहाच्या वर ओढा दिसतच नाही. कधीकाळी कोसळलेल्या दरडीच्या दगडांखालून तो वाहतो, नुसता आवाज येतो. लहानपणी थोरली वरच्या तोंडाशी फुलं सोडायची आणि धाकटी खालच्या तोंडाशी डोळे लावून बसायची. एकही फूल कधी बाहेर आलं नाही, सगळी दगडांत अडकायची. त्या दगडांतून पार होतो तो फक्त रंग. धाकटी दगड चढताना मनातल्या मनात बहिणीशी बोलत होती, आणि त्यात एकही शिवी नव्हती.

दरडीच्या वर कुरण लागलं. इथे ओढ्याला कसलीच घाई नसते, गवतातून वळणं घेत रेंगाळतो. कुरणाच्या टोकाला दोन ओहोळ एकत्र येऊन त्याचा ओढा होतो, आणि तिथेच थोरलीची पत्र्याची शेड. थोरली दारात लोकर वाळत घालत होती. चांगली धडधाकट.

धाकटी मटकन खाली बसली. "जिवंत आहेस होय!"

"का? तुझी हरकत आहे?" थोरली म्हणाली.

"दोन मंगळवार पाणी आलं नाही."

थोरलीने शेडमागे बोट दाखवलं. तिथे वाळू भरलेला मोठा खड्डा होता, वरून निळाशार. "आता रंग तिथे जिरतो. खणताना कंबरडं मोडलं माझं. म्हटलं, तुझ्या शिव्या तरी थांबतील."

"तुला कोण सांगतं मी शिव्या देते म्हणून?"

"तुला काय आज ओळखते?"

धाकटीला रडू फुटलं. "अगं ताई, निळं पाणी आलं की मला कळायचं, तू उठलीस, पिंप उचललंस, हातपाय चालताहेत. आता मी कशावरून ओळखायचं?"

थोरलीने हातातली लोकरीची लड दोरीवर टाकली. मग हळूच म्हणाली, "आणि मी गं? इतकी वर्षं मी कशावरून ओळखत होते? पाणी काय वर येतं?"

हे धाकटीच्या कधी मनातच आलं नव्हतं. थोरलीने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या मंगळवारी ओढ्याला निळाईची एक बारीक रेघ आली, जेमतेम मगभर रंगाची. धाकटीने चादरी बाहेर ओढल्या, सवयीने एक शिवी हासडली, हात पुसले आणि डोंगराची वाट धरली.